भांड्यांच्या दुकानातले रेफरी

आमच्या गावच्या स्टेडियमला स्टेडियम म्हणायचं ते एका बाजूच्या सिमेंटच्या पायऱ्यांमुळे. बाकी ते मैदानच. वर्षातले काही आठवडे तिथे फुटबॉल चालतो. उरलेल्या दिवसांत झेंडावंदन, पोलीस भरतीची धाव, कृषी प्रदर्शन, रावणदहन, आकाशपाळणे आणि मधूनच एखाद्या मोठ्या घरचं लग्न. वर्धा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावाला एवढं सगळं पुरवणारी दुसरी जागा नसते. प्रत्येक कार्यक्रमवाला जाताना मैदानात काहीतरी सोडून जातो. मांडववाले खिळे आणि तारांचे तुकडे सोडतात, प्रदर्शनवाले बल्ल्यांचे खड्डे.

ते खिळे वेचणारा एकच माणूस मी पाहिला. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात बिनझाकणाचा डबा घेऊन, या गोलपोस्टपासून त्या गोलपोस्टपर्यंत वाकून चालत. खड्डे दिसले की शेजारची काळी माती आणून भरत आणि पायाने दाबत. फिरायला आलेले लोक त्यांना नगरपालिकेचा माणूस समजायचे. ते मेन रोडवरच्या भांड्यांच्या दुकानाचे मालक होते आणि गावातल्या प्रत्येक मोठ्या सामन्याचे रेफरी.

आयुष्यात ते स्वतः कधी फुटबॉल खेळले नव्हते. एकदा मी विचारलंच, की मग रेफरी कसे झालात?

"खेळनाऱ्यायले जिंकाचं असते," ते म्हणाले. "पाहनाऱ्यायलेही कोणीतरी जिंकाले पाह्यजे असते. मले कोणीच जिंकाले नको होतं. म्हून मले उभं केलं."

बाजारात त्यांना लोक शेठ म्हणत. ते त्यांना आवडत नसे. मैदानावर सगळे सर म्हणत. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, पण मीही त्यांना सरच म्हणत आले. दुकानात भांड्यांवर नावं टाकायची एक छोटी मशीन होती. ती ते दुसऱ्या कुणाला चालवू देत नसत. लग्नातल्या आहेराचं गंज-पातेलं असो की बारशाची वाटी, नाव टाकण्याआधी ते गिऱ्हाइकाकडून कागदावर लिहून घेत, मोठ्याने वाचून दाखवत आणि मगच मशीन सुरू करत. "एक बार पडलं का पडलं," म्हणत. "स्टीलवरचं नाव खोडता येत नाई."

सामन्याच्या दिवशी दुकान बाराला बंद. त्या दिवशी ते सकाळपासून कुणाच्या हातचा चहा घेत नसत, सुपारीसुद्धा नाही. पाणी घरून आणत, फिरकीच्या तांब्यात. फुटबॉलच्या दिवसांत कुठल्याही खेळाडूच्या घरच्या लग्नाला जात नसत. स्पर्धा संपली की मग हातात एखादं भांडं घेऊन त्या घरी हजर होत आणि इतक्या दिवसांनी का, ते काही सांगत नसत. त्यांच्या सख्ख्या पुतण्याला त्यांनी एकदा भर सामन्यात बाहेर काढलं होतं. घरी जेवताना वहिनी त्यावरून बोलल्या, तर म्हणाले, "मैदानावर मी कोणाचा काका नाई. इथं आहे. वाढा."

सामना संपल्यावर कुणी निर्णयावर वाद घालायला आलं, की ते बुटाच्या नाड्या सोडत बसत. फार झालं तर एवढंच म्हणत, "शिट्टी वाजवली नं? तेच माहं बोलनं होतं."

एकदा कुणा पाहुण्यांचं हेलिकॉप्टर मैदानावर उतरायचं होतं. गोलपोस्ट काढायला तहसील कचेरीतले साहेब माणसं घेऊन आले. सर दुकानातून कागद घेऊन आले. त्यावर लिहिलं होतं, दोन गोलपोस्ट, चांगल्या अवस्थेत, काढून नेले. "सही करा," ते साहेबांना म्हणाले. साहेब हसले. सर हसले नाहीत. माणसं पहार हातात धरून उभी, साहेब घड्याळ पाहताहेत आणि हे कागद पुढे धरून उभे. शेवटी सही झाली. पाहुणे गेल्यावर एक आडवा दांडा सापडेना, तेव्हा तोच कागद घेऊन ते चार दिवस कचेरीच्या दारात जाऊन उभे राहिले. पाचव्या दिवशी दांडा आला.

मला त्यांनी कसं हेरलं, तेही सांगते. मी गावातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. माहेर केळझरकडचं, शेतकऱ्याचं. लहानपणी धावत होते म्हणून ही नोकरी मिळाली. मुलींच्या शालेय स्पर्धेत मी शिट्टी घेऊन मैदानात होते आणि हे पायऱ्यांवर बसून पाहत होते. संपल्यावर खाली आले.

"मॅडम, धावता तं चांगल्या. पाहत काऊन नाई?"

"पाहते की सर."

"तुमी चेंडू पाहून राह्यल्या होत्या. चेंडू तं सगळेच पाहतात."

पुढे दोन वर्षं त्यांनी मला शिकवलं. नागपूरला परीक्षेला पाठवलं. नियमांचं पुस्तक मला पाठ झालं तरी ते पुन्हा विचारत. मैदानावर त्यांनी मला कायम मॅडम म्हटलं. बाहेर बेटा. मोठ्या माणसांच्या सामन्यात बाई लाइनीवर उभी राहणार, हे स्पर्धेच्या कमिटीला पटत नव्हतं. सर त्यांना म्हणाले, "मग रेफरी दुसरा पाहा." दुसरा नव्हता. तिसऱ्या वर्षी मी हातात झेंडा घेऊन लाइनीवर उभी राहिले. पायऱ्यांवरून काय काय ऐकलं ते लिहीत नाही. सर मध्यरेषेवर होते. एकदाही त्यांनी मागे वळून माझी चौकशी केली नाही आणि तोच मला मोठा आधार वाटला.

आता ज्या सामन्यासाठी हे लिहायला बसले, त्याबद्दल.

कोरोनाच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. फायनल होती, आमचं गाव आणि कारंजा घाडगेची टीम. जिंकेल ती टीम पुढे नागपूरला जाणार होती. तिथे खेळाडूंच्या कोट्यातून भरती करणारी माणसं बघायला येतात, हे दोन्हीकडच्या पोरांना ठाऊक होतं. कारंज्याचा गोलकीपर त्या दिवशी भिंतीसारखा उभा होता. बरोबरी होती आणि थोडीच मिनिटं उरली होती.

मी पायऱ्यांच्या बाजूला होते. आमची पोरं चढाई करत आली, तशी मीही धावत कोपऱ्याच्या झेंड्यापर्यंत पोचले. फटका बसला. चेंडू वरच्या आडव्या दांड्याला लागला, सरळ खाली आपटला आणि गोलकीपरने झडप घालून तो बाहेर ओढला. चेंडू अख्खा रेषेच्या पलीकडे गेला तरच गोल होतो. सर लांब होते, त्यांच्यापुढे सात-आठ पोरांच्या पाठी. रेषेच्या सरळ समोर मी एकटी. गोल असेल तर लाइनवाल्याने मध्यरेषेकडे धावायचं. नसेल तर जागेवर उभं राहायचं.

मी पाहिलं. चेंडू रेषेवर आपटला होता. रेषेचा चुना उडाला, तोही मला दिसला.

मागे अख्ख्या पायऱ्या उठून उभ्या होत्या. गोल, गोल असा एकच आवाज. पाण्याची एक बाटली येऊन माझ्या पाठीवर लागली आणि अगदी जवळून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, याच गावात राहाचं आहे नं तुमाले?" सर माझ्याकडे बघत होते.

माझे पाय मध्यरेषेकडे धावले.

सरांनी शिट्टी वाजवली. गोल.

कारंज्याची पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली. गोलकीपर जमिनीवर बसून रेषेवर हात आपटत होता. सरांनी हाताने मध्यरेषा दाखवली. उरलेली मिनिटं संपली, ट्रॉफी दिली गेली, फटाके फुटले. पायऱ्यांखालच्या खोलीत आम्ही सामान आवरत होतो, तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं.

"मॅडम, पूर्ण आत होता?"

"हो सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि रिपोर्ट लिहायला घेतला. माझा शब्द त्यांना पुरेसा होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी मी दुकानात गेले. ते एका कळशीवर नाव टाकत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मशीन बंद झाली. पुष्कळ वेळ ते कळशीकडेच पाहत राहिले. अक्षर अर्धं राहिलं होतं.

"किती बाहेर होता?"

"रेषेवर होता सर. अर्धा."

"अन् काल रात्री तुमी झोपल्या नाई."

"नाही."

"बरं," ते म्हणाले. मग त्यांनी अक्षर पुरं केलं, कळशी पुसून बाजूला ठेवली आणि दुकानाच्या लेटरहेडवर पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं. त्यात एवढंच होतं: गोल देण्याचा निर्णय माझा होता. तो चुकीचा होता. कारंजा संघावर अन्याय झाला. खाली सही.

"सर, हे मी लिहायला पाहिजे."

"यात खोटं एक अक्षर आहे का? शिट्टी कोनं वाजवली?"

"पण धावले तर मी."

त्यांनी मला स्टुलावर बसायला सांगितलं. त्या दिवशीचं बोलणं मला शब्दाशब्दाने आठवतं. "बेटा, आज तू लिहिशीन तं लोक म्हनतीन, बाईनं चूक केली. मंग इथं पुन्हा कोनी बाईले झेंडा देनार नाई. दहा मॅच काढ. चांगल्या काढ. मंग लिही. तवा म्हनतीन, रेफरीनं चूक केली."

"आणि तोवर?"

"तोवर माह्या नावावर राहू दे. मले काय, मी दुकानदार आहे."

पत्र गेलं. कमिटीने निकाल बदलला नाही, ट्रॉफी दिलेली होती. सरांचं नाव मात्र रेफरींच्या यादीतून काढलं. कारंज्याला त्याचं काही समाधान नव्हतं, आणि आमच्या गावाला राग आला तो वेगळाच, आपल्याच माणसाने आपली ट्रॉफी खोटी ठरवली म्हणून. त्या वर्षी लग्नसराईत पुष्कळ घरांनी भांडी वर्ध्याहून आणली. ते रस्त्याने जात असले की टपरीवर बसलेली माणसं मोठ्याने ओरडत, "गोऽऽल!" पहिल्यांदा ते थांबले आणि वळून बघितलं. नंतर थांबायचं सोडून दिलं.

त्याच आठवड्यात ते तीन दिवस एसटीने कारंज्याकडे जात होते. हे मला काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने सांगितलं. "अकरा घरं फिरून राह्यले," त्या म्हणाल्या. "कोनी वावरात, कोनी धाब्यावर. जाऊन म्हनतात, मी चुकलो. मी म्हटलं, एक चिठ्ठी पाठवा नं. तं म्हनतात, नाई, अकरा जन खेळले होते." काकूंना खरं काय ते माहीत नव्हतं. सरांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

मग कोरोना आला. दोन वर्षं फुटबॉल नाही. मैदानावर भाजीबाजार भरवला, कारण गावातली बाजाराची गल्ली अरुंद. सर तोंडाला रुमाल बांधून रोज पहाटे चुन्याचे गोल आखायला जात, लोकांनी अंतर ठेवून उभं राहावं म्हणून. ते काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. बाजार उठल्यावर कोबीची पानं आणि पोत्यांच्या सुतळ्या वेचत. एकदा मी भेंडी घेताना ते समोर आले. आम्ही दोघं दोन गोलांत उभे. मी म्हटलं, "सर, सामने तर बंद पडले." ते म्हणाले, "सुरू होतीन. तुमी धावनं सोडू नका."

सुरू झाले. सर आता पायऱ्यांवर सगळ्यात वर, कोपऱ्यात बसत. मैदानात पाऊल टाकत नसत, खिळे वेचण्याची सकाळ सोडून. मी लाइनीवर असे, पुढे मधली रेफरी झाले. लोकांना माझी सवय झाली. शिव्या तेवढ्याच, पण आता रेफरीला देतात तशा. बाईला देतात तशा नव्हत्या. सरांनी जे म्हटलं होतं तेच घडत होतं आणि माझ्याशिवाय ते कुणाला कळत नव्हतं.

दहावा सामना मी एका रविवारी काढला. चांगला झाला. बाहेर पडले तर फाटकापाशी सर सायकल धरून उभे. ते कधी असे थांबत नसत. मला बघून ते किंचित हसले.

मी म्हटलं, "सर, जरा घाईत आहे. मुलीला ताप आहे."

"अरे, मंग जा बेटा, जा," ते म्हणाले आणि सायकल बाजूला घेतली.

मुलीला ताप नव्हता.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. अकरावा सामना झाला, बारावा झाला, विसावा झाला. मला वाटायचं, ही स्पर्धा होऊ दे, मग लिहीन. शाळेतली बढती होऊ दे. लोक नुकतेच विसरायला लागलेत, आता कशाला उकरायचं, असंही वाटायचं. सर रस्त्यात भेटले की तब्येत विचारत, सामन्यातली एखादी चूक दाखवत. "त्या सेहेचाळीसाव्या मिनटाले तुमी दूर होत्या." बस. त्यांच्या बोलण्यात कधी टोचणी नव्हती. मी शोधत असे, तरी सापडली नाही. एखादं टोचून बोलले असते तर मी त्या दिवशीच लिहिलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खरं आहे की नाही, माहीत नाही.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी दुकान उघडलं, शटर वर केलं आणि तिथेच बसले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या आठवड्यात स्पर्धेचा पहिला सामना होता. सुरुवातीला श्रद्धांजली ठेवली. दोन्ही टीम मध्यरेषेवर, मधली रेफरी मी. माइकवरचे गृहस्थ चांगलं बोलले. शिस्त, मैदानाची सेवा, सगळं आलं. शेवटी म्हणाले, "अखेरच्या काळातली ती एक चूक सोडली, तर त्यांच्या शिट्टीवर कोणी बोट ठेवू शकलं नाही." मग दोन मिनिटं शांतता. ती संपल्याची शिट्टी मीच द्यायची होती. मी घड्याळाकडे बघत होते. पायऱ्यांवर टोप्या काढून उभी असलेली माणसं, त्यातलेच कितीतरी टपरीवरून ओरडणारे. दोन मिनिटं झाली, वर आणखी थोडा वेळ गेला. मी शिट्टी वाजवली आणि सामना सुरू केला.

घरी येऊन पत्र लिहिलं. चेंडू रेषेवर होता. मी पाहिलं होतं. मी घाबरून धावले आणि विचारल्यावरही खोटं बोलले. सरांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं आणि त्यांनी ते स्वतःवर घेतलं. पत्र कमिटीच्या सेक्रेटरींच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"आता कायले मॅडम? मानूस गेला. तुमचं चांगलं चालू आहे."

"पोच द्या," मी म्हटलं.

काकूंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. "माह्याशीबी नाई बोलले," एवढंच म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मी बराच वेळ बाहेरच्या खोलीत बसले. त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या रविवारी मी कारंज्याला गेले. अकरा जणांतले बरेच आता गावात नाहीत. गोलकीपर आहे. हायवेला त्याचा धाबा आहे, तीन-चार बाजा आणि भट्टी. अंगाने भरला आहे. त्याने मला ओळखलं नाही. ओळख सांगितली तेव्हा त्याने फडक्याला हात पुसले आणि बाज पुढे केली.

मी बोलत होते तेव्हा तो हायवेकडे बघत होता. मला वाटलं होतं, तो चिडेल. त्याने चिडावं असंच मी ठरवून गेले होते. नागपूरला गेला असता तर काय झालं असतं, हे तो बोलेल, मी मान खाली घालून ऐकेन, असं काहीसं मी मनात योजलं होतं. त्याने नागपूरचं नावही काढलं नाही.

"म्हंजे त्यायनं पाह्यलंच नव्हतं?" त्याने विचारलं.

"नाही. त्यांना दिसणं शक्य नव्हतं. मी सांगितलं म्हणून त्यांनी दिला."

"अन् इथं आलते तवा त्यायले हे माहीत होतं?"

"हो."

तो म्हणाला, "मॅडम, ते घरी आलते नं, तवा मी त्यायची कॉलर धरली होती. मायच्या समोर. काय काय बोललो मी त्यायले. किती पैसे खाल्ले, असंबी बोललो. मायनं हात सोडवला माहा." त्याने स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. "ते म्हनले, बरोबर आहे तुमचं. अन् शर्ट नीट करून चालले गेले. स्टँडपावतर पायी."

त्याने फडक्याची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

"दरवर्षी वाटे, जाऊन यावं. मंग वाटे, चूक त्यायचीच तं होती." तो माझ्याकडे वळला. "तुमी दोन महिने आधी आल्या असत्या तं मी गेलो असतो मॅडम. गाडी आहे माह्यापाशी. अर्ध्या दिवसाचं तं काम होतं. आता मी कोनाची माफी मांगू?"

रस्त्याकडेला एक ट्रक येऊन लागला. ड्रायव्हरने खाली उतरून दोन थाळ्या सांगितल्या. तो उठला नाही. आतून त्याची बायको आली, आमच्या दोघांकडे एकदा बघितलं आणि भट्टीपाशी जाऊन तिनेच पोळ्या टाकायला घेतल्या.